नियुएचे दिवस धरत नाहीत

शुक्रवार, ५ मार्च २००४. तुआपा, नियुए

शनिवारी सकाळी ऑकलंडहून निघाले आणि शुक्रवारी दुपारी इथे पोचले. समुद्रात कुठेशी तारीख बदलायची रेघ आहे म्हणे, ती ओलांडली की गेलेला दिवस परत हातात येतो. छत्तीस वर्षांत मला फुकट काही मिळालं असेल तर हा एक अख्खा शुक्रवार!

बेटावर माणसं जेमतेम दीड-दोन हजार. कोथरूडच्या एखाद्या मंगल कार्यालयात चार पंगतींत अख्खा देश जेवून उठेल. विमान आठवड्यातून एकदा, त्यामुळे ते बघायला निम्मी जनता धावपट्टीशी हजर. मला वाटलं, कुणी मंत्रीबिंत्री आलाय.

जानेवारीतल्या वादळानं विजेचे खांब आडवे केलेत. ते उभे करायला आमच्या वेलिंग्टनच्या कंपनीनं मला पाठवलंय. तीन महिन्यांचं काम. वेलिंग्टनजवळ लोअर हटला घरी नवरा अभिनव, नऊ वर्षांचा मुलगा अक्षत आणि पुण्याहून राहायला आलेले माझे सासरे, भाऊसाहेब. तिघा पुरुषांनी मिळून एक कुकर लावायचाय. बघू या काय दिवे लावतात.

संध्याकाळी कड्यावर गेले. समुद्र खाली, सात-आठ मजले तरी खोल. आणि लाटा म्हणे या कड्यावरून आत आल्या, इस्पितळसुद्धा राहिलं नाही. मी आधी हसलेच. मग बघितलं तर रस्त्याच्या अलीकडे गवतात, कड्याच्या माथ्यावर, बैलगाडीएवढा पोवळ्याचा खडक पडलाय. त्याला शिंपले चिकटलेले, वाळलेले. हात लावून खात्री केली. देवा रे, केवढं हे! पुण्याच्या वीज मंडळात अकरा वर्षं काढली, झाडं पडलेली पाहिली, पूर पाहिले. समुद्राला इतकं वर चढता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार, १३ मार्च

तिकडे आज रविवार, १४ तारीख. आमच्या रेसिडेन्सीला एक वर्ष झालं, म्हणून घरी फोन केला.

नियम साधा आहे. पहिली दोन वर्षं, दर वर्षी निदान एकशे चौऱ्याऐंशी दिवस न्यूझीलंडात काढायचे. काढले की परतीचा व्हिसा कायमचा. नाही काढले, तर दोन वर्षांनंतर एकदा देशाबाहेर पाऊल टाकल्यावर परत आत घेतीलच याची खात्री नाही. म्हणजे उद्या पुण्याला आईला काही झालं तर मी इथे बसून विचार करायचा, जाऊ की नको. पहिल्या वर्षाचे दिवस कधीच भरले. दुसरं आज सुरू झालं.

भाऊसाहेबांनी फोन घेतला आणि पहिलं वाक्य काय, तर "वर्ष दुसरं, दिवस शून्य."

"अहो शून्य कसं? इथे पैसा न्यूझीलंडचा, माणसांचे पासपोर्ट न्यूझीलंडचे. मी न्यूझीलंडातच आहे."

"मी कॅलेंडरवर खूण केलेली नाही," म्हणाले आणि फोन अक्षतकडे दिला.

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं हजेरीपट भरला, आता सुनेचा भरतायत. मला माहितेय, मी नोकरीसाठी घर सोडून आले ते त्यांना टोचतंय. सरळ बोलतील तर शपथ.

इथली हॉटेलं मोडली आहेत, म्हणून माझी सोय एका आजीबाईंच्या घरी केलीय. नाव फिसा, वय एक्याऐंशी. घरात एकट्या. सहा मुलं, सहाही ऑकलंडला. इथे जन्मलं की न्यूझीलंडचा पासपोर्ट आपसूक मिळतो, त्यामुळे जो तो गेला. गावात तीन घरांमागे दोन बंद. ज्या कागदासाठी आम्ही पुण्यात दोन वर्षं उंबरे झिजवले, तो यांना नाळेबरोबर मिळतो आणि त्यानंच गाव ओस पडलंय. डोकं चालेनासं होतं.

घराच्या दारातच त्यांच्या नवऱ्याचं थडगं आहे. इथे सगळ्यांचीच अशी, अंगणात. पहिल्या दिवशी मी वळसा घालून गेले. फिसाआजी त्याच्यावर बसून तारो सोलतात. तारो म्हणजे आपल्या अळूचे गड्डे.

गुरुवार, २२ एप्रिल

आज काही लिहायला वेळ नाही, पण हे लिहिलंच पाहिजे. या बेटाला नदी नाही, ओढा नाही, त्यामुळे समुद्रात गाळ म्हणून नाहीच. कपारीतून खाली उतरले तर पाणी दिसेचना! तळाचे मासे हवेत लटकल्यासारखे. मी पाय टाकला तो थेट कंबरभर पाण्यात. साडेतीन तास काम बुडवून एका दगडावर बसून राहिले. मला असं कधी होत नाही.

शनिवार, ५ जून

तीन महिने झाले. काम निम्मंही झालं नाही. वेलिंग्टनहून साहेबांचा, रॉसचा फोन. "अजून तीन महिने थांबशील? व्हिसाचं टेन्शन घेऊ नकोस, आम्ही पत्र देऊ, स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या बोलीत, सगळं झकास. मी हो म्हणाले. विचार करून सांगते म्हणायला हवं होतं. तोंडातून हो निघून गेलं.

घरी सांगितलं.  भाऊसाहेब म्हणाले, "उत्तरा, त्या व्हिसाच्या खात्याला एकदा फोन करून विचार. मला आपलं वाटतं."

सोमवार, ७ जून

केला. फोनवरची मुलगी फार गोड. 'किया ओरा' म्हणत नमस्कार केला, माझं नाव नीट उच्चारायचा दोनदा प्रयत्न केला, आणि त्याच गोड आवाजात सांगितलं की व्हिसाच्या हिशोबात नियुए परदेश आहे. नियुएचे दिवस धरत नाहीत. मी म्हटलं, कंपनी तुमच्याच देशाची आहे, काम तुमच्याच मदतीचं आहे, कंपनी पत्र देते. ती म्हणाली, कंपनी कुठली आहे ते नाही बघत हो, तुम्ही कुठे आहात ते बघतो.

कप्पाळ! तीन महिने शून्य.

शनिवार, १२ जून

पुढच्या तेरा मार्चपासून उलटे दिवस मोजले. दहा सप्टेंबरच्या शुक्रवारच्या विमानानं गेले तर एकशे पंच्याऐंशी भरतात. एक दिवस शिल्लक! मोठ्या ऐटीत फोनवर सांगितलं.

भाऊसाहेब पलीकडे पुटपुटत मोजत होते. मग म्हणाले, "सूनबाई, क्षय धरला नाहीस."

"कसला क्षय?"

"तिथीचा. पंचांगात एखादी तिथी क्षय पावते ना, तसं. येताना एक दिवस वाढवून दिला, तर जाताना कापून नाही का घेणार? शुक्रवारी निघालीस की इथे शनिवारी उतरशील, अकरा तारखेला. एकशे चौऱ्याऐंशी. शिल्लक काही नाही."

बरोबर आहे त्यांचं. इंजिनिअर मी, आणि गणित चुकलं माझं.

अभिनवनं फोन घेतला. "मग आत्ताच ये ना. येत्या शुक्रवारी बस विमानात. कशाला जीव टांगणीला?"

मी म्हटलं, तुआपाची लाइन अर्ध्यावर आहे, ट्रान्सफॉर्मर बोटीवर आहे, तो माझ्याशिवाय कोण चढवणार. हे सगळं खरं आहे. तो म्हणाला, "रॉस दुसरा माणूस नाही पाठवणार?" मी म्हटलं, लाइन खराब आहे, ऐकू येत नाही. ऐकू येत होतं.

बुधवार, १४ जुलै

शाळेच्या सुट्टीत अभिनव आणि अक्षत आठ दिवस आलेत. अक्षत सकाळपासून टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून तयार. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. "मम, धिस इज हीप्स बेटर दॅन लोअर हट." फिसाआजींना तो फार आवडला. त्याचे आखूड केस कुरवाळून त्या म्हणाल्या, "अरे, तुझे कापूनही झाले?" मला काही कळलं नाही.

भाऊसाहेबांनी त्याच्याबरोबर लाडू पाठवलेत, स्वतः वळलेले. कडक झालेत. दात पडायची वेळ. त्यांना कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?

मंगळवार, १० ऑगस्ट

आज काय पाहिलं! 

सकाळी कड्याशी खांबाचं अर्थिंग तपासत होते. खालून आवाज आला. मोठ्ठा, ओला, लांब श्वास. मला वाटलं, कामावरचा कुणी पडला. धावत काठाशी गेले तर देवमासा! खडकापासून चाळीस-पन्नास फुटांवर, आणि पाणी असलं की अख्खाच्या अख्खा दिसतोय, शेपटीपर्यंत, बसएवढा. त्याच्या पोटाशी पिल्लू. ते पिल्लूसुद्धा आमच्या लोअर हटच्या स्वयंपाकघरात मावणार नाही. आई हलत नव्हती. पिल्लू वर येऊन श्वास घ्यायचं, परत तिच्या अंगाला लागायचं. बस, एवढंच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला कशाचं रडू येतंय तेच कळेना.

फिसाआजी कधी शेजारी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. हळूच म्हणाल्या, "दक्षिणेच्या बर्फातून येतात. इथे बाळंत होतात. पोर पोहण्याजोगं झालं की जातात."

"आणि परत येतात?"

"येतात की. त्यांना कुणी दिवस विचारत नाही." आणि खो खो हसल्या. माझं एकशे चौऱ्याऐंशीचं पुराण त्यांना रोज जेवताना ऐकावं लागतं.

एवढं मोठं काही जगात आहे, श्वास घेतंय, आणि मी इतकी वर्षं मीटर आणि तारा बघत होते. रॉसनं मेल पाठवलाय, तिकीट कन्फर्म करू का. उद्या कळवते.

शनिवार, २८ ऑगस्ट

तुआपात वीज आली! मीच खटका ओढला. सात महिन्यांचा अंधार गेला. चर्चमध्ये गाणं सुरू झालं, चार सुरांत, वाद्य नाही काही नाही, आणि छत उडेल असा आवाज. इतकी थोडी माणसं, आणि केवढा आवाज! 

फिसाआजींनी आज डब्यातून पासपोर्ट काढून दाखवला. नवा कोरा. वीस वर्षांत बेट सोडलं नाही, आता ऑकलंडला निघाल्यात, माझ्याच विमानानं, दहा तारखेला. नातवाचे केस कापायचे आहेत. इथे मुलाचे केस जन्मापासून कापत नाहीत. सात-आठ वर्षांचा झाला की मोठा समारंभ, हिफी उलू. केसांच्या बटा करून फितीनं बांधतात आणि नात्यातला एकेक जण एकेक बट कापतो. पहिली बट आजीची.

मी उडालेच. "अहो, आमच्यात जावळ असतं! अगदी असंच. मामाच्या मांडीवर बसवून."

"मग तुम्हीही शहाणी माणसं आहात," त्या म्हणाल्या. धाकट्या लेकीचा, टीनाचा मुलगा, मोसे. आजीनं त्याला फोटोतच पाहिलाय. तिकीट टीनानं मे महिन्यातच काढून ठेवलंय.

माझं तिकीट रॉसनं परवा काढलं. उद्या कळवते, उद्या कळवते करत मीच उशीर केला. शेवटची जागा मिळाली म्हणे. मिळाली ना, झालं तर.

गुरुवार, ९ सप्टेंबर

बॅग भरली. संध्याकाळी फिसाआजींबरोबर थडग्यावर बसले. त्या नवऱ्याशी बोलत होत्या, नियुएच्या भाषेत, बराच वेळ. मी विचारलं, काय सांगताय? म्हणाल्या, "आठच दिवस जाते, म्हटलं. घाबरू नकोस. शेजारीण दिवा लावेल."

शुक्रवार, १० सप्टेंबर. विमानात

हे मी कुणालाही दाखवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

विमान आलं, सगळे रांगेत. तेवढ्यात रुग्णवाहिका थेट धावपट्टीवर. खडकावरून पडलेला एक तरुण, पाठीला मार, इथे इलाज नाही. स्ट्रेचर आडवं ठेवायचं तर सहा खुर्च्या लागतात. डॉक्टर आणि त्याची बायको धरून आठ. विमानकंपनीचा माणूस यादी घेऊन उभा राहिला. आठ जणांनी पुढच्या शुक्रवारी यावं लागेल. पाच जण आपणहून बाजूला झाले, हसत, जणू बसची रांग. उरलेले तीन म्हणजे ज्यांची तिकिटं सर्वांत शेवटी काढलेली. दोघे कुरकुरत गेले. तिसरं नाव माझं.

मी कागद काढला. सगळं सांगितलं, एकशे चौऱ्याऐंशी, तेरा मार्च, शिल्लक शून्य. आवाज चढला माझा. तो म्हणाला, "सिस्टर, यादी ती यादी." बरोबरच होतं त्याचं. जूनमध्ये गेले असते, ऑगस्टमध्येच तिकीट काढलं असतं, तर ही वेळ आली नसती. दुसऱ्या कुणाचीही चूक नाही.

फिसाआजी उठल्या. अंगावर पांढरा ड्रेस, डोक्यावर विणलेली टोपी, काखेत तारोची परडी. त्या माणसाला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. त्यानं मान हलवली, दोनदा. त्यांनी स्वतःचं तिकीट त्याच्या हातात कोंबलं.

मला कळलं. मी म्हणायला पाहिजे होतं, नको आजी, तुम्ही जा, पहिली बट तुमची आहे. तोंड उघडलंही असेल मी. शब्द आला नाही. मनात एकच होतं, शनिवार, अकरा तारीख.

त्यांनी परडी माझ्या हातात दिली. "टीनाकडे दे. हिल्सबरो. पत्ता आत आहे."

"आजी, तुमचा समारंभ..."

"माझं घर इथे आहे, पोरी. मला कुणी बाहेर काढत नाही. तुला काढतील."

बस्स. वळून गेल्या. विमान उडाल्यावर खिडकीतून बघितलं तर कुंपणाशी त्या पांढऱ्या ठिपक्याएवढ्या, अजून उभ्या. इतके महिने मी या बेटावर लाटा बघून, देवमासे बघून 'केवढं, केवढं' करत होते. केवढं ते मला आज समजलं, आणि मी खुर्चीला चिकटून बसले होते.

शनिवार, ११ सप्टेंबर. ऑकलंड

दीड वाजता उतरले. शिक्का बसला. एकशे चौऱ्याऐंशी. आनंद व्हायला हवा होता.

संध्याकाळचं वेलिंग्टनचं विमान सोडून दिलं आणि टॅक्सीनं हिल्सबरोला गेले. वाटलं, परडी दारात ठेवून पळून यावं. दारात शंभर-दीडशे माणसं, गॅरेजला पांढरे पडदे, मधे खुर्ची, खुर्चीवर मोसे. केस कमरेखाली, नुसत्या निळ्या फिती. सिडनीहून नातेवाईक आलेले. असा समारंभ पुढे कसा ढकलणार?

टीना पुढे आली. मी परडी दिली आणि एका दमात सांगून टाकलं, "तुमच्या आईची जागा मी घेतली. माझं नाव निघालं होतं, त्यांचं नव्हतं. मी नको म्हणाले नाही."

"माहीत आहे. आईचा फोन आला होता." तिनं परडी खाली ठेवली आणि कात्री माझ्या हातात दिली. "ती म्हणाली, माझ्या जागेवर बसून जी येईल तिनं पहिली बट कापायची."

"अहो, मी कोण तुमची?"

"ते आईला विचार. मला एवढंच सांगितलंय."

 मोसेनं मान वर करून विचारलं, "आर यू फ्रॉम नानाज हाऊस?" नाना म्हणजे त्यांच्याकडे आजी. मी म्हटलं, हो. हे मात्र खरं होतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मराठीत म्हटलं, औक्षवंत हो बाळा, आणि बट कापली. मऊ, जड, सात वर्षांची. मग चार सुरांतलं ते गाणं सुरू झालं आणि मला ढसाढसा रडू कोसळलं. टीनाच्या मावशीनं मला जवळ घेतलं, नाव-गाव न विचारता.

निघताना टीनानं ती बट रुमालात बांधून दिली. "ही आईची. पोस्टानं पाठवायची नसते. जिनं कापली तिनं हातात द्यायची." मी विचारलं, आजी पुढच्या शुक्रवारी येतील ना? ती म्हणाली, "नाही येणार. ज्यासाठी निघाली होती ते झालं."

रविवार, १२ सप्टेंबर. लोअर हट

घरी. अक्षत गळ्यात पडला. भाऊसाहेबांनी वरण-भात केला होता, चांगला झाला होता. मी ताटावर बसल्यावर ते स्वतः जेवायचे थांबून नुसते बघत बसले. मी म्हटलं, काय हो, वजन मोजताय का? तर चष्मा पुसायला आत गेले.

अभिनवला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग जाऊन देऊन ये ना पुढच्या आठवड्यात.

"कसं जाणार? तेरा मार्चपर्यंत एक दिवस जरी बाहेर पडले तरी हिशोब तुटतो. मग त्यांनी जागा दिली ती कशाला?"

त्यानं उठून माझी बॅग आत नेली.

चौदा मार्चला सोमवार आहे. त्या आठवड्यात व्हिसाचा शिक्का घ्यायचा आणि एकोणीसच्या विमानात बसायचं. तिकीट उद्याच काढणार, मुळीच उशीर करणार नाही. रुमाल कपाटात ठेवलाय, वरच्या खणात. फिसाआजी एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि मला इथून सहा महिने हलता येत नाही.